रोहेमाचे दोन अंश

मुनचारच्या बंदरावर मिस्नादीला कोणी चांगला म्हणत नाही, वाईटही म्हणत नाही. त्याचं नाव निघालं की लोक म्हणतात, “तो ना? एकदम बरोबर माणूस.” आधी हे ऐकून त्याची छाती फुगायची. आता कोणी तसं म्हणालं की तो कॉफी अर्धी टाकून उठतो.

तारलीचे डबे भरणाऱ्या कारखान्यात तो मापांचा कारागीर. कुठलं यंत्र किती तापलंय, कुठं किती दाब आहे, हे आकडे पॅनेलवर खरे दिसावेत, एवढंच त्याचं काम. कारखाना म्हणजे मासा, टोमॅटो आणि वाफ. सकाळी होड्या येतात, बाया माशांची डोकी छाटतात, डब्यात मासा बसतो, वर रस्सा, वर झाकण, आणि मग डबे रिटॉर्टमध्ये जातात. रिटॉर्ट म्हणजे आडवं, जाड लोखंडी पिंप. त्यात दाबाच्या वाफेत डबे एकशे एकवीस अंशांवर ठरलेला वेळ शिजले की आतले जंतू मरतात. कमी शिजले तर जंतू जगतात आणि बंद डब्यात निवांत वाढतात. म्हणून कारखान्यात खुर्चीवर कोणीही बसो, खरा धाक रिटॉर्ट सांभाळणाऱ्याचा. आमच्या कारखान्यात हा धाक एका बाईचा होता. रोहेमा तिचं नाव.

रोहेमा मदुरा बेटावरची. ठेंगणी, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला भडक ओढणी, आणि तोंड असं की बॉयलरवालेसुद्धा तिच्यासमोर खाली बघून बोलत. नवरा लवकर गेला, एक मुलगी लुलुक, ती तिनं या पिंपांच्या वाफेवरच वाढवली. मिस्नादी तिच्याहून थोडा मोठा, म्हणून ती त्याला कांग म्हणायची, म्हणजे मोठा भाऊ. भाऊ म्हणायचं म्हणून म्हणत नव्हती. नवऱ्याच्या दफनाला खड्ड्यात उतरणारा तिच्याकडचा कोणी नव्हता, तेव्हा मिस्नादी उतरला होता.

त्यांचं जे खास जमलं त्याच्या मुळाशी मात्र एक खोटा आकडा होता. रिटॉर्टचं पॅनेल मालकानं जपानहून जुनंपानं आणलेलं. त्याच्याबरोबरच्या कांड्या, म्हणजे पिंपाच्या पोटात खुपसायचे सेन्सर, खाऱ्या हवेनं एकेक करून मेल्या आणि त्यांच्या जागी सुराबायाहून नव्या आल्या. कांडीच्या आत प्लॅटिनमची बारीक तार असते. तार तापली की ती विजेला जास्त अडवते. हा अडसर, हा रोध मोजून पॅनेल उष्णता सांगतं. आता या प्लॅटिनमच्या दोन जाती आहेत. बर्फात दोन्हींचा रोध अगदी सारखा, शंभर ओहम. तापत गेलं की जुन्या जपानी जातीचा रोध जरा जास्त वाढतो, बाकी जगाच्या जातीचा जरा कमी. नव्या कांड्या जगाच्या जातीच्या होत्या आणि पॅनेलला फक्त जपानी हिशेब येत होता. त्यामुळे पिंपात एकशे एकवीस असले की पॅनेल म्हणायचं एकशे एकोणीस.

दुसरा कोणी असता तर कांडी बर्फात बुडवून, शून्य आलं म्हणून खूश होऊन घरी गेला असता. मिस्नादीनं ती उकळत्या पाण्यातही धरली आणि तिथं ती शंभरच्या जवळजवळ दोन अंश खाली अडकलेली बघितली. तो तसाच ओल्या हातानं रोहेमाकडे गेला.

“रोहेमा, तुझं पॅनेल खोटं बोलतंय.”

“मग वाजव त्याच्या कानाखाली. मला काय सांगतोस?”

“तू एकवीस बघून थांबतेस ना, तेव्हा आत तेवीस असतात. म्हणून मासा पिठलं होतो. एकोणीस दिसले की धर तिथंच. आत बरोब्बर एकवीस असतील.”

“आणि नसले तर?”

“तर पहिला डबा मी खाईन.”

“तू डबा खा नाहीतर झाकण खा, कांग. नोकरी माझी जाईल ना.” एवढं बोलून तिनं वाफेची झडप फिरवली आणि काटा एकोणीसवर धरला.

कागद नाही, साहेबाची सही नाही. साहेबाला सांगितलं होतं, तो म्हणाला, “चालतंय ना? मग चालू दे.” रोहेमानं फक्त मिस्नादीच्या शब्दावर आपली रोजीरोटी लावली. त्या दिवसापासून मासा अख्खा निघायला लागला. तिन्ही पाळ्यांना तिनं शिकवलं, थांबायचं एकोणीसला आणि तक्त्यावर लिहायचं एकवीस. तपासणीचे पाहुणे आले की तेवढ्यापुरतं पॅनेलवर एकवीस आणायचं आणि तो लगदा मांजरांच्या डब्यात भरायचा. दाबाच्या घड्याळातून काही उमगायचं नाही. त्या जुन्या घड्याळात दोन अंश म्हणजे काट्याची जाडी. अकरा वर्षं हे असं चाललं आणि एक डबा फुगला नाही. कारखान्यात त्याला नावच पडलं, ‘रोहेमाचे दोन’. शोध मिस्नादीचा, नाव रोहेमाचं. हे त्याला जरा बोचायचं, पण बोलून दाखवण्याइतकं नाही. त्याच्या मनात एकच होतं, एक दिवस पॅनेलवर खरा आकडा यावा आणि त्यात कोणाचेच दोन नसावेत.

मग लुलुकचं लग्न आलं. आमच्याकडे लग्नाचं आवतण कागदानं देत नाहीत, जेवणानं देतात. भात, कोंबडी, शेवया यांचा डबा घरी आला की समजायचं, आपल्याला बोलावलंय. गल्लीत सगळ्यांकडे डबा आला. मिस्नादीकडे आला नाही.

त्याची बायको सुपिनी दारातच बसून होती. “त्या सायकलवाल्याकडे आला. ज्याला ती शिव्या घालते त्या बर्फवाल्याकडे आला. आपल्यालाच नाही.”

“विसरली असेल.”

“तिचा नवरा पुरायला तुमची आठवण झाली. पोरीच्या लग्नात विसरली होय? जाऊन बघाच तुम्ही, मी पण मग माहेरची वाट धरते.”

तो गेला नाही. रोहेमानं डबा पाठवला होता. आपल्या भाच्याच्या, तोहारीच्या हाती पाठवला होता, आणि तोहारी शपथेवर सांगत होता की दिला. कोणाच्या हातात दिला हे त्याला नीट सांगता येत नव्हतं. रोहेमानं मांडवात पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या संध्याकाळपर्यंत रिकाम्या ठेवल्या आणि जो बसायला येईल त्याला उठवलं. सोमवारी कारखान्यात मिस्नादी समोरून आला तेव्हा तिनं तोंड फिरवलं. त्यानंही फिरवलं. झालं, अबोला सुरू.

आमच्याकडचा अबोला म्हणजे पोरखेळ नाही, त्याला कायदे आहेत. समोरासमोर जो पहिला बोलेल तो हरला. निरोप तिसऱ्या माणसाच्या तोंडून जायचा. अगदीच अडलं तर मांजराला, बादलीला, भिंतीला उद्देशून बोलायचं, असं की दुसऱ्याला ऐकू जाईल. असं बोललं की माणूस अर्धा वाकला. दुसऱ्यानं त्याच मांजराला, त्याच बादलीला उत्तर दिलं की तोही अर्धा वाकला आणि मग बहुतेक वेळा दोघं हसतात, कॉफी होते, संपतं. आणि हा असला मानाचा अबोला आपल्याच माणसाशी धरायचा. परक्याशी कोण धरतो? परक्याला लोक ‘या, बसा’ म्हणतात.

असा अबोला चालू असताना नवा मॅनेजर आला. पाक हंदारू, सुराबायाचा. पाक म्हणजे साहेब, मान देऊन म्हणायचं. त्यानं आल्या आल्या जपानी पॅनेल काढून टाकलं आणि नवं बसवलं. त्यात रोध मोजायचं स्वतंत्र मॉड्यूल होतं, हाताच्या पंजाएवढं, आणि त्याला सगळ्या जातींचे हिशेब येत होते. ते जुळवायचं काम अर्थातच मिस्नादीचं.

इतकं मन लावून त्यानं स्वतःच्या लग्नातही काही केलं नसेल. एकेका कांडीला तीन तारा असतात. लांबच्या तारेचा स्वतःचाही रोध असतो आणि मॉड्यूल तो उष्णतेत धरतं. तिसरी तार असते ती हा जादा रोध वजा करायला. मॉड्यूलला ‘तीन तारा’ असं सांगावं लागतं, नाहीतर तिसरी तार असून नसल्यासारखी. त्यानं सांगितलं. तारांची हिरवी पडलेली टोकं छाटून, तांबं चमकेपर्यंत घासून, मळसूत्रात आवळली. आजूबाजूच्या मोटारींची भुणभुण आकड्यात मिसळू नये म्हणून गाळणी लावली. मग बर्फ. बंदरावर बर्फाला तोटा नाही, पण माशांच्या बर्फात मीठ असतं आणि खारट बर्फ शून्याच्या खाली जातो. म्हणून तो दावेतच्या, म्हणजे नारळाच्या दुधाच्या सरबताच्या, गाडीवरून बिनमिठाचा बर्फ घेऊन आला. गाडीवाली म्हणाली, “आता यंत्रांना पण सरबत पाजतोस का, कांग?” तो हसला. खूप दिवसांनी हसला.

शेवटी जात निवडायची वेळ आली. पडद्यावर दोन नावं एकाखाली एक होती. वर जपानी, खाली जगाची. त्यानं खालचं नाव दाबलं. बर्फात शून्य आलं, उकळत्या पाण्यात शंभर आलं, आणि रिटॉर्टमध्ये वाफ भरली तेव्हा एकशे एकवीसच्या जागी एकशे एकवीस आले. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. हसायचं तर हसा.

अजून एक सोय त्या मॉड्यूलमध्ये होती. आकड्यात हवा तेवढा फरक घालता येत होता, उणे दोन घातले की पॅनेल पुन्हा पूर्वीसारखं एकोणीस दाखवणार आणि खाली कोणालाच काही बदलावं लागणार नाही. त्याचं बोट तिथं थांबलं. पण इतकी वर्षं ज्या खोट्यानं त्याला छळलं ते आपल्या हातानं परत घालायचं? त्यानं तिथं शून्यच ठेवलं.

पाक हंदारूला त्यानं सगळं समजावून सांगितलं. हंदारूनं दार लोटून घेतलं.

“म्हणजे जुनं पॅनेल अकरा वर्षं चुकत होतं?”

“पॅनेल चुकत होतं, पाक. डबे बरोबर होते. खाली दोन कमी धरायचे. आता त्यांना सांगावं लागेल की धरू नका.”

“सूचना लावायची नाही. सभा घ्यायची नाही. पुढच्या महिन्यात परदेशी गिऱ्हाईक येतंय. त्यांच्या कानावर गेलं की अकरा वर्षं आपला तक्ता एक आणि पॅनेल एक, तर उद्या मासे छाटणाऱ्या बायांना घरी बसवावं लागेल. तूच जा, हळूच सांग त्या बाईला.”

“पाक, ती आणि मी...”

“तुमचं काय ते तुम्ही बघा.”

मिस्नादीनं बघितलं ते असं. त्यानं पाळीप्रमुखाला बोलावलं आणि सांगितलं, “तुझ्या बिबीला सांग, दोन संपले. आता पॅनेलवर एकवीस म्हणजे एकवीस.” बिबी म्हणजे मावशी, आणि हा पाळीप्रमुख म्हणजे तोच तोहारी, रोहेमाचा भाचा. ज्याच्या हातून कोंबडीचा डबा चार गल्ल्या ओलांडून पोचला नव्हता, त्याच्या हाती मिस्नादीनं हा निरोप दिला.

तोहारी गोड माणूस. कोणाला लागेल असं बोलायला त्याची जीभ वळत नाही. ज्या बाईनं आपल्याला नोकरीला लावलं, जिच्या नावानं ते दोन अंश ओळखले जातात, तिला तोंडावर ‘बिबी, तुझे दोन आता चूक’ असं कसं म्हणायचं? तो म्हणाला, “बिबी, नवं पॅनेल झकास आहे. कांगनी जिवापाड मेहनत घेतलीय. एकदम बरोबर दाखवतं म्हणतात.” आणि आपण निरोप दिला, असं त्याला मनापासून वाटलं.

रोहेमा मूर्ख नव्हती. बरोबर म्हणजे जुन्यासारखं बरोबर की नव्यानं बरोबर, हा प्रश्न तिला पडलाच. पण तोहारीला खोदून विचारलं की तो प्रत्येक प्रश्नाला मान डोलावतो हे तिला जन्मापासून माहीत. खरं सांगू शकणारा माणूस एकच होता आणि तो त्या सकाळी तीन नंबरच्या रिटॉर्टपाशी गुडघ्यावर बसून कांडीची तार बांधत होता.

ती आली. पिंपाच्या दारावर तिनं हात ठेवला आणि दाराला मोठ्यानं विचारलं, “काय रे, तुझं ते नवं पॅनेल आलं म्हणे. त्यात आमचे दोन आहेत की गेले? आम्हाला कोण सांगणार?”

मिस्नादीच्या हातातला पेचकस थांबला. तिचे रबरी बूट त्याच्या खांद्यापासून हातभर लांब होते. ती अर्धी वाकली होती, एवढं त्याला लख्ख कळलं. तोहारीनं निरोप नीट दिलेला नाही, हेही कळलं. दाराला एवढंच म्हणायचं होतं, ‘गेले.’ दोन अक्षरं. त्याच्या ओठापर्यंत आली होती. पण त्याच्या मनात सुपिनी दारात बसून होती, गल्लीत फिरणारा तो डबा होता, आणि मांडवात आपण नव्हतो ही लाज होती. त्याला वाटलं, एवढ्यात कशाला? अजून जरा वाकू दे. उद्या पुन्हा विचारेल, तेव्हा सांगू.

त्यानं पेच आवळायला घेतला. रोहेमा थोडा वेळ थांबली. मग दाराला म्हणाली, “बरं. नसेल सांगायचं तर राहू दे. जसं चाललंय तसं चालू देते.” आणि निघून गेली.

तो उद्या आलाच नाही. त्याच दुपारी हंदारूनं त्याला समुद्रापलीकडे बालीला, पेंगाम्बेंगानच्या शाखेत असंच मॉड्यूल बसवायला धाडलं. फेरीबोटीवर उभा राहून त्यानं तोहारीला फोन लावला. “सांगितलंस ना नीट?” “सांगितलं कांग, सांगितलं, काळजीच नको.” हे ‘काळजीच नको’ काय किमतीचं आहे ते त्याला ठाऊक होतं. रोहेमाचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता. बालीला तो काही आठवडे राहिला. तिथल्या पॅनेलवर खरे आकडे आले, लोकांनी पाठ थोपटली, आणि रोज रात्री तो तिचं नाव काढून बघायचा आणि फोन उशाखाली ठेवायचा.

मुनचारमध्ये रोहेमानं एकोणीसला थांबून, तक्त्यावर एकवीस लिहून आपलं काम चालू ठेवलं. फरक एवढाच की आता पॅनेल खरं बोलत होतं आणि तक्ता खोटा झाला होता.

गोदामात डबे फुगायला लागले. आधी एखाददुसरा, मग थरच्या थर, झाकणं पोटं सुटल्यासारखी वर आलेली. नशीब एवढंच की माल गोदामातच होता, कोणाच्या ताटात गेला नव्हता. एक फुटला आणि त्याच्या वासानं गोदामातली माणसं बाहेर पळाली. मिस्नादीला बालीहून बोलावून घेतलं. तो पोचला तेव्हा हंदारूच्या खोलीत रोहेमा उभी होती, तोहारी भिंतीला टेकून घाम पुसत होता.

“पॅनेलवर किती दिसायचे?” हंदारूनं विचारलं.

“एकोणीस,” रोहेमा म्हणाली.

“लिहायचीस किती?”

“एकवीस.”

“म्हणजे खोटं लिहायचीस.”

“मी दोन धरायची. सगळ्या कारखान्याला माहीत आहे.”

“सगळ्या कारखान्याचं मला सांगू नकोस. हे दोन धरायला तुला सांगितलं कोणी?”

खोलीत पंखा फिरत होता. मिस्नादी तिच्यापासून एका खुर्चीच्या अंतरावर उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. ज्याच्याशी अबोला आहे त्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हाही आमच्या कायद्यातच आहे. पण माणसाची नोकरी जात असताना कोणी कायदे बघतं का? तिनं बघितले.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “माझं मीच.”

हंदारूनं मिस्नादीकडे नजर टाकली. त्या नजरेत सगळं होतं, परदेशी गिऱ्हाईक, अकरा वर्षं, मासे छाटणाऱ्या बाया. “मिस्नादी, मॉड्यूल बरोबर होतं?”

“बरोबर होतं, पाक.”

“निरोप दिला होतास?”

“तोहारीकडे दिला होता.”

“तोहारी?”

“मी बिबीला सांगितलं होतं, पाक, पॅनेल नवं आहे म्हणून,” तोहारी म्हणाला आणि रडायला लागला.

यात एक शब्द खोटा नव्हता. मिस्नादीला कधीही, कुठेही उभा करून विचारा, तो हेच सांगेल आणि खरंच सांगेल. ‘दोन मीच दिले होते’ हे कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं नाही. बायांच्या पोटाचा विचार करून गप्प बसलो, असं तो पुढे सुपिनीला म्हणाला. बायांची पोटं खरी होती. पण तो गप्प बसला तो भेकडपणानं, आणि हे त्याला त्या पंख्याखालीच कळलं होतं.

रोहेमाला त्याच दिवशी काढलं. बूट कारखान्याचे होते, ते तिनं नळाखाली धुऊन, उलटे करून रिटॉर्टच्या दाराशी ठेवले आणि अनवाणी घरी गेली. बंदरावर बातमी पसरली की रोहेमानं आळसानं तक्ता खोटा भरला आणि नासका मासा लोकांना खाऊ घालणार होती. जिच्या हातचा डबा लोक डोळे मिटून घ्यायचे तिच्या घरून आलेली भजीसुद्धा शेजारणी मुकाट्यानं मांजराला टाकायला लागल्या. दुसऱ्या कुठल्या कारखान्यानं तिला दारात उभं केलं नाही. ती आता धक्क्यावर, उन्हात, सांडलेले मासे वेचून सुकवते. मिस्नादीचा पगार वाढला.

रोजे संपले, ईद आली. ईदच्या दिवशी आमच्याकडे घरोघर जाऊन माफी मागतात, उघड केलेल्या आणि मनातल्या सगळ्या चुकांची. कितीही जुना अबोला त्या दिवशी मोडता येतो, त्यात हार-जीत नसते. मिस्नादी सकाळपासून नवा सदरा घालून बसला होता. सुपिनीनं या वेळी अडवलं नाही. तो एकटाच निघाला. रोहेमानं दारातून हाकलावं, शिव्या द्याव्यात, चप्पल फेकावी, असं वाटेत तो जवळजवळ मागत होता.

दार उघडंच होतं. आत बिस्किटांच्या बरण्या मांडलेल्या, मोजक्याच, कारण येणारे मोजकेच. कोपऱ्यात तोहारी मान खाली घालून बसला होता. बाजूला बँकेतला एक कारकून कॉफी पीत होता. रोहेमा उठून पुढे आली. उन्हानं काळी पडली होती.

“या, पाक मिस्नादी, या. बसा,” ती म्हणाली. समोरासमोर, त्याच्या डोळ्यांत बघून, स्वच्छ आवाजात.

ती बोलली. पहिली तीच बोलली. तो बसला आणि ठरवून आणलेलं सगळं एका दमात म्हणाला. “मला माफ कर, रोहेमा. मी ऐकलं होतं. त्या दिवशी तू दाराला विचारलंस ते मी ऐकलं होतं आणि उत्तर दिलं नाही.”

“ठाऊक आहे. तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच तर मोठ्यानं विचारलं होतं.”

“मग साहेबापुढे माझं नाव का नाही घेतलंस?”

“तेव्हा अबोला होता ना आपला,” ती म्हणाली, बोटीची वेळ सांगावी तसं. “माफीचं म्हणाल तर केलंच माफ. ईदच आहे. मीही मागते, चुका सगळ्यांच्याच होतात. बिस्किट घ्या. रक्तदाब बरा आहे ना तुमचा? आणि सुपिनीबाई कशा आहेत?”

तेच शब्द, तोच आवाज, तो आत आला तेव्हा कारकुनाला मिळत होता तोच. तो बोलायला गेला तर तिनं कॉफी पुढे केली. त्यानं लग्नाचा विषय काढला, ती म्हणाली, “गेलं ते, कशाला मनात ठेवता?” त्यानं म्हटलं, मी हंदारूकडे जाऊन सगळं सांगतो, तर ती म्हणाली, “तुम्हाला योग्य वाटेल ते करा, पाक.” तिच्या तोंडावर राग नव्हता. त्यानं डोळे फाडून शोधला, कुठे कोपऱ्यात तरी सापडेल म्हणून. नव्हता. तिनं त्याला दारापर्यंत पोचवलं, सुपिनीसाठी शेवयांची पुडी दिली आणि पुढच्या वर्षीही अवश्य या म्हणाली.

तो अंगणात चपला शोधत होता. आत गेल्यावर तिचा आवाज एकदम चढला. ती केटलीशी बोलत होती.

“ऐकतेस ना गं? काही लोक सकाळपासून उपाशी येऊन बसलेत. तोंड बघ, मेल्या कोंबडीसारखं. माझं वाटोळं करून वर माझ्याच बिस्किटांना हात लावायला लाजतात. भात आहे म्हणावं मागे, आमटी गरम करून घ्या म्हणावं, हात मोडलेत का?”

कोपऱ्यातून तोहारी केटलीला काहीतरी रडक्या आवाजात म्हणाला. लगेच भांड्यांचा आवाज आला.

मिस्नादीला दोन्ही चपला सापडल्या होत्या. त्या पायात घालून तो अंगणातच उभा राहिला. आपल्याबद्दलही ती केटलीला काही म्हणते का, वाईटसाईट काहीही, हे ऐकायला तो बराच वेळ थांबला. आत ती फक्त तोहारीलाच बोलत होती.